शहर बघायचं की घर

४ सप्टेंबर

विहीणबाईंना नमस्कार,

'सप्रेम' मुद्दाम लिहिलं नाही. राग आलेला असताना उगाच खोटं कशाला लिहा. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपलं जमत नाही. तुम्ही मध्ये बोलता, मी मध्ये बोलते आणि शेवटी दोघी एकदमच "ठेवते" म्हणतो. कागद मध्ये तोंड घालत नाही.

तुम्ही पाठवलेला सहलीचा बेत मिळाला. बस डेपोच्या चौकशी खिडकीमागे तुमची उभी हयात गेली, हे तो वाचताना क्षणभरही विसरता येत नाही. एका दिवशी उंच मनोरा, दुसऱ्या दिवशी नाचणारं कारंजं, मग काचेमागचे मासे, मग ती बंद इमारत जिच्यात भर वाळवंटात बर्फ पाडतात. त्याच्यावर कळस म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवणं. या वयात मला उडवायला मी कुणाचं काय घोडं मारलंय? दुपारची विश्रांती लिहिली आहे, तीही बाजारात.

आता मला एवढंच सांगा, या सगळ्यात माझ्या मुलाचं घर कुठे आहे? बेत मी उभा वाचला, आडवा वाचला, पाठीमागचा कोरा भागसुद्धा बघितला. उतरायचं हॉटेलात, जेवायचं बाहेर आणि मुलगा-सून रोज सकाळी हॉटेलाच्या दारात आपल्याला घ्यायला हजर. म्हणजे आपण त्यांच्या आया नसून पाहुण्या कंपनीच्या साहेबिणी आहोत.

तो तिकडे गेला त्याला चार वर्षं झाली. चार वर्षं मी पोराचं तोंड फोनच्या काचेत बघते आहे. मला मासे नकोत, बर्फ नको. मला त्याच्या घरात सकाळचा चहा प्यायचा आहे, त्याचं कपाट उघडायचं आहे, उशांचे अभ्रे वेळेवर धुतात का ते बघायचं आहे. मी येते आहे ती एवढ्यासाठी. ते शहर आपल्या पायावर उभं आहे, मी नाही बघितलं तर पडणार नाही.

आणि मी रिकाम्या हातांनी जाणार नाही. त्यांच्या घराला पडदे शिवून नेणार आहे. मुलाकडून खिडकीचं माप मागवलंय, कापड आणून ठेवलंय, निळसर राखी. रंगावर तुमचं मत विचारलेलं नाही.

हॉटेल रद्द करा.

तुमची विहीण
(गल्लीत विचारायचं झालं तर, पडदेवाली)


१५ सप्टेंबर

विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. मी 'सप्रेम' लिहिते. मुलीकडच्या माणसांना तेवढी काटकसर परवडत नाही.

बेताची तुम्ही टर उडवलीत, उडवा. डेपोत मी हेच बघत आले. जे लोक वेळापत्रकाला हसायचे तेच गाडी सुटल्यावर खिडकीवर येऊन माझ्या नावाने ओरडायचे. त्या शहरात उठून चालायला लागलं असं होत नाही. ऊन डोक्यावर आलं की रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मनोऱ्यावर जायची वेळ आधी घेऊन ठेवावी लागते. नाहीतर खाली उभं राहून मान मोडून घ्यायची.

मनोऱ्याचं नाव पहिल्या दिवशी का घातलं ते तुम्ही विचारलं नाहीत. माझी लेक तिथे काम करते म्हणून. सगळ्यात वरच्या मजल्यावर, येणाऱ्या लोकांना ती शहर समजावून सांगते. समुद्र कुठवर होता, कुठे भराव घातला, जुनं बंदर कुठे, पिण्याचं पाणी कुठून येतं. तुम्हाला हे ठाऊक आहे, पण तिचं काम कसं काय चाललंय हे तुम्ही आजवर एकदाही विचारलेलं मला आठवत नाही. ते असो.

हॉटेलचं म्हणाल तर घरात रंगकाम काढलंय. रंगाच्या वासाने तुम्हाला खोकला होतो, हे जावईबापूंनीच सांगितलं. केवढ्या काळजीचा मुलगा आहे तुमचा. तिकडे रंग वाळायला वेळ लागतो म्हणतात, म्हणून हॉटेल. यात रागावण्यासारखं काय आहे ते मला तरी दिसत नाही.

रंगावर मत देत नाही. निळसर राखी म्हणजे आभाळ भरून आल्यासारखं, पण मत देत नाही. एक विनंती मात्र करते, अस्तर जाड लावा. जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच आहे आणि तोंड उगवतीकडे. पोर कामावरून उशिरा येते, डोळा लागतो न लागतो तोच ऊन तोंडावर. गेले कित्येक महिने तिची झोप पुरी झालेली नाही.

आमचे हे तुम्हाला नमस्कार सांगतात. ते तेवढंच सांगतात.

तुमची विहीण


२२ सप्टेंबर

विहीणबाई,

जाड अस्तर कधी लावायचं आणि पातळ कधी, हे मला तुम्ही शिकवायचं म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यातला प्रकार झाला. जमिनीपासून छतापर्यंत काच? उगवतीकडे तोंड? तुम्ही कुणाच्या घरातली खिडकी बघून आलात?

माझ्या मुलाने माप कळवलं आहे. खिडकी कमरेच्या वर सुरू होते, रुंदीला जेमतेम, आणि समोर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन येत नाही, उलट दिवसा दिवा लावावा लागतो असं तो म्हणाला. त्याला मी पातळ कापड सुचवलं, तो बरं म्हणाला.

या धंद्यात एक नियम आहे. ज्याने पट्टी धरली त्याने बोलावं, बाकीच्यांनी गप्प बसावं. गिऱ्हाईक येतं, हात पसरतं आणि म्हणतं, साधारण एवढी. त्या पसरलेल्या हातांवर भरवसा ठेवला असता तर माझे निम्मे पडदे गुडघ्यापाशी लोंबले असते आणि निम्मे केर काढत फिरले असते. तुम्ही त्या हात पसरणाऱ्यांतल्या. कापड एकदा कापलं की रडून जोडलं जात नाही. तेव्हा कृपा करून ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नका.

रंगकामाचंही मला पटलेलं नाही. मी रंगाच्या वासाने खोकत नाही, मी कापसाच्या धुळीने खोकते. हे माझ्या मुलाला माहीत नाही असं होणार नाही.

आणि उशिरा येते म्हणजे काय? सूनबाई ती नोकरी सोडणार आहे, असं तो मला वर्षभर सांगतो आहे. सोडली नाही का अजून?

विहीण


३० सप्टेंबर

विहीणबाई,

नमस्कार.

मला वेळापत्रकातलं कळतं, खिडकीतलं कळत नाही, हे मान्य. पण डोळे मलाही आहेत. ती खिडकी मी स्वतः पाहिली आहे. लेकीने फोन हातात धरून सगळ्या खोलीभर फिरवला. काचेपाशी तिचं अंथरूण, शेजारी टेबल, टेबलावर तिची पुस्तकं, आणि काचेबाहेर लांबवर रस्ता. भिंतबिंत काही नाही समोर. तुमचं पत्र आल्यावर मी तिला खुर्चीवर चढायला लावलं, पट्टी धरायला लावली आणि माप लिहून घेतलं. सोबत पाठवते आहे. आता कुणाचे पडदे केर काढतात ते बघू.

जावईबापूंनी दुसरंच काही सांगितलं असेल तर त्यांचं तुम्ही मनावर घेऊ नका. आपल्या घराला खिडकी आहे हे पुरुषमाणसाला पडदा पेटल्याशिवाय कळत नाही.

नोकरी सोडली नाही. सोडायची का, ते तुम्हीच सांगा.

विहीण


८ ऑक्टोबर

विहीणबाई,

आज नमस्कारही नाही.

तुमचं माप मिळालं. माप बरोबर आहे. खुर्चीवर चढून, पट्टी ताणून घेतलेलं माप मला अंकांवरून ओळखू येतं. पण माझ्या मुलाचं मापही बरोबर आहे. लहान असताना पट्टीचं दुसरं टोक तोच धरायचा, मापात तो चुकायचा नाही. दोन्ही मापं बरोबर म्हणजे खिडक्या दोन. एका घरात दोन खिडक्या असतात की, असं मी मनाला समजावत राहिले. मग राहवेना, तेव्हा त्याला फोन लावला.

विचारलं, दुसरी खिडकी कुठल्या खोलीत आहे रे? तो म्हणाला, दुसरी कुठली, एकच खोली आणि एकच खिडकी. म्हटलं, सूनबाईकडे दे फोन. म्हणाला, आंघोळीला गेली आहे. दुपारी पुन्हा लावला, तर अजून आंघोळीलाच. एवढी आंघोळ हत्तीणसुद्धा करत नाही. संध्याकाळी तिसऱ्यांदा लावला आणि सरळ विचारलं, तिच्या खोलीत सकाळी ऊन येतं म्हणे तोंडावर? तो गप्प झाला. लहानपणीही खोट्याचा साठा संपला की असाच गप्प व्हायचा.

दोन खिडक्या म्हणजे दोन घरं. आणि हे तुम्हाला माहीत होतं.

रंगकाम म्हणे. माझ्या खोकल्याची काळजी म्हणे. त्या बेतात मी माझ्या मुलाचं घर शोधत बसले आणि तुम्ही ते हातानेच त्यातून काढून टाकलं होतंत. तुम्ही मला शहर दाखवायला नेत नव्हतात. मला घर दिसू नये म्हणून मधे एवढं मोठं शहर उभं करत होतात. कारंजी काय, मासे काय, बर्फ काय. आठ दिवस ती दोघं माझ्यापुढे हातात हात घालून फिरली असती, मी खुळ्यासारखी फोटो काढले असते, परत येऊन गल्लीत दाखवले असते. आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून ते बघितलं असतंत.

आयुष्यात मला पुष्कळांनी फसवलं, पण एवढं वेळापत्रक आखून कुणी फसवलं नव्हतं.

उत्तर देणार असाल तर खरं द्या. नाहीतर हे शेवटचं पत्र समजा.


१७ ऑक्टोबर

विहीणबाई,

खरं मागितलंत, आता घ्या.

हो, मला माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यापासून ती दोघं वेगळी राहतात. तुमचा मुलगा घर सोडून गेला, माझी लेक नाही. मोठं घर एकटीला परवडेना म्हणून मग तिनेही ते सोडलं आणि ही काचेची खोली घेतली. तिने मला शपथ घातली होती की सासूबाईंना कळू द्यायचं नाही. तुम्ही एकट्या आहात, तुम्हाला एकच मुलगा आहे, तुम्ही हाय खाल असं तिला वाटत होतं. आज तुम्ही जिच्यावर दात खाता आहात तिला वाटत होतं, बरं का.

सहलीची कल्पना माझी. दोघांनाही मीच गळ घातली. म्हटलं, आईंसाठी आठ दिवस एकत्र उभे राहा, एका गाडीत बसा, एका ताटलीतलं खा. खोटं खोटं का होईना, एकदा शेजारी बसली की काहीतरी आठवेल एकमेकांचं. दोघंही तयार झाली. तुमच्यासाठी ती एवढं करायला तयार झाली, आणि एकमेकांसाठी नाही, हेही मला कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. मी काडी धरली. फसवलं म्हणता, तर हो, फसवलं. फक्त पोरीच्या झोपेपायी खिडकीचं बोलून बसले, तिथेच बेत फसला.

आता भांडण कशावरून ते ऐका. लेकीचं काम संध्याकाळी असतं. मनोऱ्यावर लोक दिवे बघायला येतात, त्यामुळे गर्दी तेव्हाच. जावई घरी यायचे तेव्हा घरात अंधार. पहिलं वर्ष चाललं, मग धुसफूस, मग एक दिवस ते म्हणाले की मला घरात बायको हवी आहे, मनोऱ्यावर नको. नोकरी सोड नाहीतर मी जातो. तिने सोडली नाही. ते गेले.

मी आजवर तुम्हाला एका शब्दाने बोलले नाही. मुलीची आई म्हणून गोड बोलून बोलून माझ्या जिभेची चव गेली आहे. लग्नात तुमचं कुणी रुसलं तरी मी हसले, तुम्ही माझ्या बेताला हसलात तरी मी सप्रेम लिहिलं. आज नाही लिहिणार. आज विचारते, तुमच्या मुलाला हे कुणी शिकवलं? बायको म्हणजे घरात लावून ठेवायचा दिवा, हे त्याने कुठे पाहिलं? माझ्या घरात तर तो वाढला नाही.

आता हे शेवटचं पत्र समजायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

विहीण


२ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुमच्या पत्रातला एक शब्दही मी खरा मानला नव्हता. म्हटलं, मुलीची आई आहे, पोरीची बाजू घेणारच. मुलाने काहीतरी साधं म्हटलं असेल आणि यांनी त्याचं तिखटमीठ केलं असेल. माझा मुलगा असं बोलणार नाही याची मला तुमच्या वेळापत्रकांपेक्षा जास्त खात्री होती.

म्हणून त्यालाच विचारलं. तो चिडला नाही, उलट मोकळा झाला. कित्येक महिने कुणी विचारायची वाट बघत असावा. बायकोबद्दल वाकडं काही बोलला नाही, तेवढं त्याच्या पदरात घालते. आणि मग मला समजावायला लागला. म्हणाला:

"आई, आपलं घर घर होतं ते तू होतीस म्हणून. शाळेतून आलो की तू असायचीस. मी फक्त तेवढंच मागतोय. तू कधी गेलीस का नोकरीला? तू घरीच असायचीस की."

मी घरीच असायचे.

विहीणबाई, त्याचे वडील गेले तेव्हा तो धड चालतही नव्हता. पुढच्या खोलीत मशीन होतं. खाट उभी करायची तेव्हा कापड पसरायला जागा व्हायची. इथल्या दवाखान्यातल्या खाटांमधले पडदे माझे, शाळेच्या रंगमंचाचा पडदा माझा, थिएटर होतं तेव्हा त्याचा तो लाल मखमली डोंगर माझा. तो उसवायला आणि शिवायला मला अख्खा पावसाळा लागला आणि त्या पावसाळ्यात हे चिरंजीव त्याच मखमलीवर झोपत होते. शाळेच्या रंगमंचावर माझ्याच पडद्यापुढे उभं राहून याने बक्षीस घेतलं. आणि हा म्हणतो, आई घरीच असायची. पायाखाली मशीन चालू असलेली बाई त्याला दिसली नाही, त्याला फक्त घरात असलेली आई दिसली. पट्टीचं दुसरं टोक हातात धरून सुद्धा दिसली नाही.

तुम्ही विचारलंत, कुणी शिकवलं. मी नाही शिकवलं. मी शिकवत होते त्याच्या उलट, रोज, त्याच्या नाकासमोर. तो दुसरंच शिकला. याच्यावर मला जो राग आला आहे त्याच्यापुढे तुमच्यावर आला होता तो काहीच नाही. तुम्ही सुटलात म्हणा.

मी जाते आहे. पुढच्या महिन्यात जायचं ठरलं होतं, मी या महिन्यातच निघते, आणि एकटी. तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात की सगळ्यांवर साखर पेराल आणि तिसऱ्या दिवशी आपण सगळे मासे बघत असू. हॉटेल रद्द करा. आधी मुलाच्या घरी जाईन. पुढचं पुढे.

पडदे तुमच्या मापाने बेतले आहेत, जाड अस्तराचे.

विहीण


९ नोव्हेंबर

विहीणबाई,

हॉटेल रद्द केलं. मनोऱ्याची वेळ रद्द केलेली नाही, तुमच्या नावाने बदलून घेतली आहे. वेळ चुकवू नका, ते लोक कुणासाठी थांबत नाहीत. विमानतळावर सामानाचा पट्टा कुठला ते फलकावर बघायचं, कुणाच्या मागोमाग चालत सुटायचं नाही.

मी येत नाही. पण एक नीट ऐकून ठेवा. माझ्या लेकीपुढे बसून तिला "थोडं तूच सोडून दे बाई" असं म्हणायला तुम्ही जात असाल, मग ते रडून म्हणा नाहीतर रागावून म्हणा, तर आपलं नातं तिथेच संपलं. मग ती दोघं एक होवोत नाहीतर न होवोत. मी आजवर सोसलं, तिला सोसायला लावणार नाही.

पोचलात की कळवा.

विहीण


१ डिसेंबर

विहीणबाई,

पोचले, आणि पट्टा बरोबर सापडला. कळवायला उशीर झाला, कारण राग आवरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तो पुरता आवरला नाही, पण आता लिहिते.

मुलगा घ्यायला आला होता. वाळला आहे. मला बघून आधी हसला आणि मग माझी बॅग उचलायच्या निमित्ताने बराच वेळ खाली वाकून राहिला. गाडीत मला काचा, पूल, दिवे दाखवत होता. मी बघितले नाहीत. त्याच्या घरी गेलो. खोली स्वच्छ होती, अभ्रे धुतलेले होते, माझ्यासाठी नवी चादर आणली होती. त्याने स्वतःच्या हाताने जेवण रांधलं होतं. चार वर्षं मी डोळ्यांपुढे आणत होते ते सगळं होतं, फक्त समोर भिंत होती आणि दिवा दिवसाही चालू होता.

जेवायच्या आधी त्याने पुन्हा तेच काढलं. म्हणाला, तू बोल तिच्याशी, तुझं ती ऐकेल. शाळेतून आल्यावरची गोष्ट पुन्हा सांगायला लागला. दार उघडं असायचं, तू समोर बसलेली असायचीस, माझी वाट बघत. मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं:

"मी तुझी वाट बघत नव्हते. मी गिऱ्हाइकाची वाट बघत होते. तू दारात यायचास तेव्हा मी मान वर करत नव्हते, शिवण चुकली असती. मी कामावर होते. तू रोज माझ्या कामावर यायचास आणि तुला वाटायचं तू घरी आलास."

त्याचा चेहरा कसा झाला ते तुम्हाला सांगत नाही, तुम्हाला रडू येईल. मी उठले. ज्या घरासाठी एवढ्या लांब आले तिथे पेलाभर पाणी प्यायले आणि त्याला म्हटलं, मला सूनबाईकडे सोड. जेवण ताटात होतं. डब्यात भरून दे म्हटलं, तुझ्यावर राग आहे, अन्नावर नाही. त्याने डबा भरला.

तुमच्या लेकीने दार उघडलं आणि माझ्या हातातली बॅग घेतली नाही. दारातच उभी राहिली. म्हणाली, मला समजवायला आला असाल तर आई, मी दमलेय हो. म्हटलं, मलाही दमायला झालंय, आत घे. पहिले दोन दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलली. मी तिला काही सांगितलं नाही, परत जा म्हणाले नाही, सोड म्हणाले नाही. डबा मात्र दोघींनी खाल्ला. मीठ कमी होतं, हे तीच म्हणाली.

मग तुमची ती मनोऱ्याची वेळ आली. मी मुलाला फोन करून सांगितलं, तिकीट काढ आणि ये, माझ्याबरोबर नाही, रांगेत. तो आला. लिफ्टमध्ये माझे कान बंद झाले. वर सगळीकडे काच, खाली सगळं शहर, आणि मध्ये ती उभी. विहीणबाई, ती बोलायला लागली आणि एवढी माणसं गप्प झाली. कुठली कुठली माणसं, कडेवर मुलं, हातात फोन, ते फोन खाली करून ऐकायला लागली. तिने वाळू दाखवली, समुद्र मागे सारला ती रेघ दाखवली, भरावाची माती वाहणारी माणसं कुठे राहतात तेही बोट करून दाखवलं, जे बहुतेक सांगायचं नसावं. मध्येच गर्दीत तिला तो दिसला. आवाज तसूभर हलला नाही. पुढचं वाक्य पुरं केलं आणि म्हणाली, आता या बाजूला या. सगळे गेले, तोही गेला, सगळ्यात मागे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तो तिथे पहिल्यांदा आला होता.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तिने त्याला घरी बोलावलं नाही. पुन्हा यायचं असेल तर पुन्हा तिकीट काढ, एवढं म्हणाली, आणि तो काल पुन्हा तिकीट काढून गेला. त्याच्यावरचा माझा राग गेलेला नाही. तिचा तर नाहीच, आणि तिने तो इतक्यात घालवूही नये.

त्या संध्याकाळी खाली आल्यावर मुलाने मला विचारलं. एवढा मोठा घोडा, गाड्यांच्या मध्ये उभा राहून, खालच्या आवाजात. "खरंच माझी वाट नव्हतीस बघत?" मी म्हटलं, नव्हते.

आता तुम्हाला सांगते, कारण मला कुणाला तरी सांगायलाच हवं आणि माझं खोटं तुमच्याइतकं कुणाला कळायचं नाही. शाळा सुटायची वेळ झाली की माझा पाय मशीनवर ठरायचा नाही. जिन्यावर त्याची चप्पल वाजली की मी मशीन थांबवायचे आणि तो दारात आला की पुन्हा सुरू करायचे, त्याला दिसू नये म्हणून. धागा नेमका तिथेच तुटायचा. त्या काळातला माझा कुठलाही पडदा काढून बघा, दवाखान्यातला, शाळेतला, कुठलाही. रोजच्या शिवणीत एका जागी तुटून पुन्हा जोडलेला धागा सापडेल.

हे त्याला कधीही सांगायचं नाही. त्याला कळलं, तर तो म्हणेल, बघ, होतीस की घरीच.

तुमची विहीण